स्वस्त लॅपटॉप नेमका अडतो कुठे

पंधरा-वीस हजारांचा लॅपटॉप चालता चालता थिजला की शिव्या प्रोसेसरला बसतात. 'सेलेरॉन (इंटेलचा स्वस्तातला प्रोसेसर) आहे, दुसरं काय होणार?' अशा वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. थोडा वेळ घेईल, पण उघडेल. वरच्या रकान्यांत साधारण असं चित्र दिसतं: सीपीयू ३५ टक्के, मेमरी ९३ टक्के, डिस्क १०० टक्के. म्हणजे ज्याच्या नावाने खडे फोडले तो प्रोसेसर रिकामा बसलाय, आणि सगळा खोळंबा मेमरी आणि डिस्कच्या मधल्या वाटेवर झालाय.

ही वाट समजली की छोटा लॅपटॉप वापरता येतो. छोटा म्हणजे ११.६ किंवा १४ इंची पडदा, ४ जीबी रॅम (टास्क मॅनेजरमधली 'मेमरी' ती हीच), ६४ किंवा १२८ जीबीची ईएमएमसी (फाइल साठवणारी चिप, म्हणजे इथली 'डिस्क') आणि इंटेलचा सेलेरॉन एन ४०२० किंवा एन ४५०० असा दोन गाभ्यांचा (कोअरचा) प्रोसेसर. पत्र टाइप करणं, सातबारा काढणं, परीक्षेचा फॉर्म भरणं, बँक, मेल, यूट्यूब, मुलांचा ऑनलाइन क्लास एवढ्या कामांना हे यंत्र पुरतं. एकाच वेळी ही सगळी कामं करायला मात्र पुरत नाही.

ओटा, माळा आणि एकच शिडी

रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. हाताशी लागणारं सगळं तिथे हवं. डिस्क म्हणजे माळा. ओटा भरला की विंडोज त्यावरच्या काही वस्तू माळ्यावर टाकते आणि पुन्हा लागल्या की खाली काढते. याला पेजिंग म्हणतात. महागड्या लॅपटॉपमध्येही हे चालतंच, पण तिथे ओटा लांबलचक असतो आणि माळ्यावर जायला रुंद जिना असतो.

आता हिशोब बघा. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने ठरवलेली किमान गरज ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज अशी आहे. म्हणजे आपलं यंत्र उंबरठ्यावरच उभं आहे. ४ जीबीतला थोडा हिस्सा पडद्यावरचं चित्र काढणारी ग्राफिक्स चिप घेते, कारण तिला स्वतःची वेगळी मेमरी नसते. काहीही न उघडता विंडोज साधारण दोन ते अडीच जीबी खाते. उरला सव्वा-दीड जीबी. मेलचा एक टॅब दोन-तीनशे एमबी सहज घेतो. व्हॉट्सअॅप वेब तेवढंच. यूट्यूब त्याहून जास्त. चार टॅबमध्ये ओटा भरला, पाचव्यासाठी शिडी लावावी लागते.

आणि शिडी अरुंद आहे. ईएमएमसी म्हणजे स्वस्त मोबाइलमध्ये असते तशीच, मदरबोर्डवर कायमची झाळलेली (सोल्डर केलेली) चिप. तिच्यात एका वेळी वाचता तरी येतं किंवा लिहिता तरी येतं. दोन्ही एकदम नाही. मोठी सलग फाइल वाचताना ती सेकंदाला अडीचशे-तीनशे एमबी देते. एसएसडी, म्हणजे चिपांची वेगवान डिस्क, अगदी साध्या साटा जातीची असली तरी पाचशेच्या वर देते. हा फरक सोसता येतो. खरी दैना होते ती बारीक बारीक तुकडे इकडून तिकडे लिहिताना, आणि पेजिंग म्हणजे नेमकं तेच. त्यात अँटिव्हायरसची तपासणी आणि अपडेटचं डाउनलोड एकाच वेळी सुरू झालं की डिस्कचा रकाना शंभरला चिकटून बसतो आणि माउसचा बाण उड्या मारत चालतो.

यावर उपाय ओट्यावरच करायचा. टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअप अॅप्सचं पान आहे. लॅपटॉप चालू होताच आपोआप उठणाऱ्यांची ती यादी. टीम्स, स्पॉटिफाय, लॅपटॉप कंपनीचा 'असिस्टंट', प्रिंटरचा शाई मोजणारा प्रोग्रॅम, सगळ्यांना डिसेबल करा. त्याने ते काढून टाकले जात नाहीत, फक्त बोलावल्याशिवाय येत नाहीत. आवाज आणि टचपॅडची नावं असतील तर त्यांना हात लावू नका. लॅपटॉपसोबत चाचणी मुदतीचा अँटिव्हायरस आला असेल तर तो अनइन्स्टॉल करा. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर लगेच त्याची जागा घेतो आणि या कामांना तो पुरेसा आहे.

ब्राउझर एकच ठेवा. क्रोम आणि एज दोन्ही उघडणं म्हणजे एका ओट्यावर दोन संसार. एजमध्ये स्लीपिंग टॅब्ज आणि क्रोममध्ये मेमरी सेव्हर नावाची सोय आहे. न वापरलेले टॅब ती झोपवते. ती चालू आहे ना, ते बघा. एक खबरदारी: अर्धवट भरलेला फॉर्म दुसऱ्या टॅबमध्ये ठेवून तासभर भटकू नका. झोपलेला टॅब जागा होताना कधी कधी पान नव्याने लोड करतो आणि लिहिलेलं जाऊ शकतं.

'रॅम क्लीनर' नावाचे प्रोग्रॅम मात्र घेऊ नका. बटण दाबलं की मेमरी ९० वरून ५० टक्क्यांवर आल्याचं ते दाखवतात, आणि ते खरंही असतं. कारण ओट्यावरचं सगळं त्यांनी माळ्यावर ढकललेलं असतं. पुढच्या क्लिकला तेच सगळं शिडीवरून परत येतं.

बंद करून चालू केलं तरी सुस्ती जात नाही, अशी एक तक्रार नेहमीची. त्याचं कारण फास्ट स्टार्टअप. हा पर्याय चालू असताना शटडाउन केलं तर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. रिस्टार्ट केलं तरच तो खरा कोरा होतो. आठवड्यातून एकदा रिस्टार्ट म्हणा, शटडाउन नव्हे.

रॅम वाढवता येते का, हेही टास्क मॅनेजरच सांगतो. परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करून खाली फॉर्म फॅक्टर बघा. तिथे 'रो ऑफ चिप्स' असेल तर रॅम झाळलेली आहे. 'एसओडिम' असेल तर पट्टी बदलता येते, आणि ४ च्या जागी ८ जीबीची पट्टी बसवण्याइतका फरक दुसऱ्या कुठल्याच खर्चाने पडत नाही.

६४ जीबीतले उरतात किती

खोक्यावर ६४ लिहिलेलं असतं आणि स्क्रीनवर ५८ च्या आसपास दिसतात. दुकानदाराने फसवलेलं नसतं. कंपनी १००० च्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. या मोजमापाने ६४ चे ५९.६ होतात आणि त्यातलाही तुकडा रिकव्हरीसाठी राखीव जातो. विंडोज स्वतः पंचवीस-तीस जीबी व्यापते. ऑफिस, ब्राउझर आणि फोनवरून घेतलेले लग्नाचे फोटो आले की पाच-सहा जीबी शिल्लक, आणि तिथेच वर्षाचं मोठं अपडेट अडतं.

का अडतं? अपडेट आधी दाबलेल्या रूपात खाली उतरतं, मग सुटं केलं जातं, मग नवी विंडोज जुन्याच्या शेजारी मांडली जाते. काही बिघडलं तर परत फिरता यावं म्हणून जुनी विंडोज 'विंडोज.ओल्ड' या फोल्डरमध्ये १० दिवस ठेवली जाते. म्हणजे काही काळ एका घरात दोन बिऱ्हाडं. यासाठी वीसेक जीबी मोकळे लागतात. नसतील तर अपडेट अर्ध्यावरून परत फिरतं आणि ८००७००७० या आकड्यांनी संपणारा एरर दाखवतं. त्याचा अर्थ एवढाच, की जागा नाही. लोक तो व्हायरस समजून लॅपटॉप फॉरमॅटला देतात.

जागा करायची रीत अशी. सेटिंग्ज उघडा, सिस्टिममध्ये स्टोरेज, त्यात टेंपररी फाइल्स. यादी तयार व्हायला मिनिटभर लागेल. विंडोज अपडेट क्लीनअप, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन फाइल्स, थंबनेल्स, जुनं विंडोज इन्स्टॉलेशन यांवर खूण करा. याच यादीत 'डाउनलोड्स' असंही एक नाव असतं. त्यावर खूण केलीत तर डाउनलोड फोल्डरमधली तुमची मार्कशीट आणि हॉल तिकीटसुद्धा जाईल. तिथली खूण आधी काढा, मगच रिमूव्ह दाबा.

वनड्राइव्हवर एक नजर ठेवा. नव्या लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स फोल्डर बऱ्याचदा आपोआप वनड्राइव्हला जोडले जातात. तिथे फुकट जागा फक्त ५ जीबी. ती भरली की पैसे भरण्याचे निरोप सुरू होतात. हवं तर ही जोडणी वनड्राइव्हच्या सेटिंग्जमधून सोडवा. ठेवायचीच असेल तर ज्या फाइल रोज लागत नाहीत त्यांवर राइट क्लिक करून 'फ्री अप स्पेस' म्हणा. फाइल क्लाउडवर राहते, लॅपटॉपवर नुसतं नाव उरतं.

बहुतेक छोट्या लॅपटॉपना मायक्रोएसडी कार्डाची खाच असते. फोटो, व्हिडिओ आणि पीडीएफ यांच्यासाठी ती उत्तम. प्रोग्रॅम मात्र तिथे टाकू नका; कार्ड ईएमएमसीहून संथ असतं आणि धक्क्याने क्षणभर निसटलं तरी प्रोग्रॅम कोसळतो. रस्त्यावर ५१२ जीबीचं कार्ड तीनशे रुपयांत मिळतं, तेव्हा ते नकली असतं. आत ३२ जीबीचीच चिप असते आणि वर आकडा खोटा कोरलेला असतो. पहिले ३२ जीबी व्यवस्थित बसतात, पुढचं सगळं हवेत जातं. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचं फुकट साधन कार्ड शेवटपर्यंत भरून पुन्हा वाचून बघतं. फोटो टाकण्याआधी ते एकदा चालवा.

काही मॉडेलमध्ये खालच्या बाजूला छोटं झाकण असतं आणि आत एम.२ एसएसडीची रिकामी जागा. तिथे नवी एसएसडी घेताना घोळ हमखास होतो. दिसायला सारख्या दोन जाती आहेत, साटा आणि एनव्हीएमई. आणि स्वस्त लॅपटॉपच्या खाचेत पुष्कळदा फक्त साटाच चालते. मॅन्युअलमध्ये बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

मोबाइलचा डेटा आणि विंडोजची भूक

घरी ब्रॉडबँड नाही, फोनच्या हॉटस्पॉटवर काम चालतं आणि पॅक रोज दीड जीबीचा आहे, असं असेल तर सकाळी नऊलाच डेटा संपल्याचा एसएमएस येतो. विंडोजला फोन आणि ब्रॉडबँड यातला फरक आपोआप कळेलच असं नाही. वायफायला जोडल्यावर त्या जोडणीच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. मग मोठी अपडेट्स बहुतांशी थांबून राहतात. कायमची थांबवू मात्र नका. महिन्यातून एकदा जिथे वायफाय मोकळं आहे तिथे लॅपटॉप नेऊन, चार्जर लावून, अपडेट होऊ द्या.

हॉटस्पॉटपेक्षा केबल लावून यूएसबी टेदरिंग केलं तर जोडणी जास्त स्थिर राहते. फक्त त्या केबलने फोन लॅपटॉपच्या बॅटरीवर चार्ज होत राहतो, हे वीज गेलेली असताना लक्षात ठेवा.

व्हिडिओबद्दल एकच गोष्ट. या पडद्यांवर बहुधा १३६६ गुणिले ७६८ एवढेच ठिपके असतात. त्यामुळे यूट्यूबवर १०८० निवडून मिळत काहीच नाही, डेटा आणि मेहनत तेवढी वाढते. ७२० वर ठेवा. एन ४०२० आणि एन ४५०० मध्ये नव्या एव्ही-१ पद्धतीचा व्हिडिओ सोडवणारं हार्डवेअर नाही. तो प्रोसेसरला हाताने सोडवावा लागतो आणि चित्र अडखळतं. अडखळलं तर एक पायरी खाली, ४८० वर या. व्हिडिओ कॉलमध्ये पाठीमागचं दृश्य धूसर करण्याची हौस बंद ठेवा. प्रत्येक क्षणी तुमचा चेहरा कापून वेगळा काढणं हे या प्रोसेसरला खरोखरच जड जातं. इथे मात्र दोष त्याचाच.

फॉर्म भरताना

छोट्या लॅपटॉपवर सर्वांत जास्त घाम फुटतो तो ऑनलाइन अर्जात. एक उदाहरण बारकाईने बघू. बँकांच्या भरतीसाठी आयबीपीएसच्या अर्जात फोटो २०० गुणिले २३० पिक्सेलचा आणि २० ते ५० केबीचा लागतो. सही १४० गुणिले ६० ची, १० ते २० केबीची. फोनवर काढलेला १२ मेगापिक्सेलचा फोटो असतो ४००० गुणिले ३००० चा, तीन-चार एमबीचा. तो उघडला की मेमरीत ४८ एमबी घेतो, कारण उघडताना प्रत्येक पिक्सेलला चार बाइट लागतात. असे दहा फोटो एकदम उघडून 'कुठला बरा दिसतो' ते बघू नका.

फोटो फोनवरच चेहऱ्याभोवती उभा कापून घ्या. मग लॅपटॉपवर पेंट उघडा. पेंट अगदी हलका आहे आणि या कामाला पुरतो. रिसाइझमध्ये टक्क्यांऐवजी पिक्सेल निवडा. उंची-रुंदी एकत्र बांधणारी साखळी चालू ठेवून रुंदी २०० टाका. उंची २३० च्या आसपास आली तर ठीक. २६७ आली तर साखळी सोडवून जबरदस्तीने २३० करू नका, चेहरा चपटा होतो. परत मागे जाऊन थोडं कापा. सेव्ह अॅज करून जेपेग निवडा, नाव नवं द्या, म्हणजे मूळ फोटो शाबूत राहतो. मग फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये केबी बघा.

आधार कार्ड किंवा जातीचा दाखला 'फोटो कमी करून देणाऱ्या' अनोळखी वेबसाइटवर चढवण्याचा मोह टाळा. दोन मिनिटं वाचतात, पण आपली कागदपत्रं कुणाच्या संगणकावर राहिली ते कधीच कळत नाही.

अर्जातली मोठी उत्तरं, पत्ता, शिक्षणाचा तपशील आधी नोटपॅडमध्ये लिहून ठेवा. संथ यंत्रावर एकेक रकाना भरेपर्यंत सेशन संपतं आणि साइट पुन्हा लॉगिनवर नेते. आणि 'सबमिट' चं बटणच दिसत नसेल तर ते बहुतेक वेळा पडद्याच्या खालच्या कडेबाहेर राहिलेलं असतं. कंट्रोल धरून वजाचं बटण दोनदा दाबा, पान ८० टक्क्यांवर येईल. एफ ११ ने ब्राउझर पूर्ण पडदा व्यापतो. तेवढ्यानेही दोन-तीन ओळी जास्त दिसतात.

लॅपटॉप 'एस मोड' मध्ये आला असेल तर त्यात फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलीच अॅप्स बसतात. डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर किंवा जुन्या प्रिंटरचं पॅकेज तो घेणार नाही. एस मोड सोडायला पैसे लागत नाहीत, पण एकदा सोडला की परत लावता येत नाही.

मराठी टाइप करणं

त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन, अॅड लँग्वेज, मराठी. मग मराठीच्या लँग्वेज ऑप्शन्समध्ये कीबोर्ड निवडा. फोनवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय असेल तर फोनेटिक घ्या. ज्यांना रोज दोन पानं टाइप करायची आहेत त्यांनी इनस्क्रिप्ट शिकावा. पंधरा दिवस चिडचिड होते, नंतर बोटं आपोआप पडतात: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. मराठी-इंग्रजी बदलायला विंडोज बटण आणि स्पेस.

इनस्क्रिप्टमध्ये अनेकांना एक जागा अडते: दऱ्या, कऱ्हाड, तऱ्हा यातला आडवा र. 'सूर्य' लिहिताना र, हलन्त, य असं दाबतो. 'दऱ्या' साठी र ऐवजी त्याच बटणावर शिफ्ट धरून नुक्त्याचा ऱ घ्यायचा, मग हलन्त, मग य. इंग्रजी पाटीवर सांगायचं तर शिफ्ट आणि जे, मग डी, मग तिरकी रेघ.

श्रीलिपी किंवा कृतिदेव वापरणाऱ्यांच्या जुन्या फाइल नव्या लॅपटॉपवर उघडल्या की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाइल खराब झालेली नसते. त्या फॉन्टमध्ये 'क' हा खरोखरचा क नसतो, इंग्रजी अक्षराला क चा मुखवटा चढवलेला असतो. फॉन्ट नाही तर मुखवटाही नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःची ओळख असलेल्या पद्धतीत, बदलून घेणं हाच मार्ग, आणि रूपांतरानंतर जोडाक्षरं एकदा डोळ्यांखालून घालावीच लागतात.

लिखाणासाठी लिब्रेऑफिस फुकट आहे आणि हलकं. त्यात देवनागरीचा फॉन्ट 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' या वेगळ्या नावाखाली ठरवावा लागतो. टूल्स, ऑप्शन्स, भाषेच्या सेटिंग्जमध्ये तो चालू करून मराठी निवडा, नाहीतर फॉन्टचा आकार बदलूनही मराठी मजकूर तसाच राहतो. दुसऱ्याला वाचायलाच पाठवायचं असेल तर पीडीएफ करून पाठवा.

उष्णता आणि चार्जर

या लॅपटॉपना बहुधा पंखा नसतो. आतली उष्णता खालच्या पत्र्यातून बाहेर जाते, म्हणून गोधडीवर किंवा उशीवर ठेवला की तो आपला वेग स्वतःच कमी करतो. एन ४०२० चा कमाल वेग २.८ गिगाहर्ट्झ, पण तापल्यावर तो १.१ पर्यंत खाली येतो. स्वयंपाकघरातला पाट किंवा जुनी पाटी खाली ठेवली तरी काम होतं. कूलिंग पॅड विकत घ्यायची गरज नाही.

बॅटरीचा हिशोब सोपा आहे. खाली ३८ वॉट-तास लिहिलेलं असेल आणि टाइप करताना लॅपटॉप ६ वॉट खात असेल तर सहा तासांहून थोडं जास्त. पडदा लख्ख करून व्हिडिओ लावला की खप ९ वॉटवर जातो आणि चार तास उरतात.

चार्जर मात्र नीट वाचा. काही छोटे लॅपटॉप १२ व्होल्टच्या गोल पिनेवर चालतात, आणि तीच पिन १९ व्होल्टच्या चार्जरलाही असू शकते. बसते म्हणून लावली तर चार्जिंगचा भाग जळतो. चार्जरवर 'आउटपुट' पुढचे व्होल्ट जुळलेच पाहिजेत. अँपिअर जास्त असले तर चालतं, कमी नकोत. टाइप-सी असेल तर साधारण ४५ वॉटचा पीडी (पॉवर डिलिव्हरी) चार्जर लागतो. फोनचा साधा ५ व्होल्टचा लावला तर काही बिघडत नाही, पण चार्जही होत नाही. शिवाय प्रत्येक टाइप-सी खाच चार्जिंगसाठी असतेच असं नाही.

विंडोजच नको असेल तर

२००७ मध्ये आसुसने ईई पीसी ७०१ आणला तेव्हा त्यात ५१२ एमबी रॅम आणि ४ जीबी फ्लॅश होती, पडदा ७ इंची. तो चालायचा, कारण त्यावर विंडोजच्या जागी अंगाच्या मापाचं लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली होती. तीच युक्ती आजही लागू पडते. लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती चालू झाल्यावर एक जीबीच्या आसपास रॅम घेते. विंडोजच्या मानाने अर्ध्याहून जास्त ओटा मोकळा.

आधी ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मिंट टाकून त्यावरूनच चालवून बघा. लॅपटॉपवरचं काही पुसलं जात नाही. चार गोष्टी तपासा: वायफाय, आवाज, टचपॅड, आणि झाकण लावून उघडल्यावर तो जागा होतो का. स्वस्त लॅपटॉपमध्ये वायफाय आणि आवाजाच्या चिपा अनवट असतात आणि रडगाणं तिथेच असतं. चारही ठीक असतील तरच पुढे जा. टॅली, श्रीलिपी किंवा डिजिटल सहीचं टोकन लागत असेल तर विंडोजच ठेवा.

लिनक्स टाकण्याआधी, किंवा लॅपटॉप दुरुस्तीला देण्याआधी, मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ४८ आकड्यांची बिटलॉकर रिकव्हरी की वहीत लिहून घ्या. नव्या विंडोजमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असू शकते, आणि मदरबोर्ड बदलला की ती हीच किल्ली मागते. ईएमएमसी झाळलेली असल्याने ती काढून दुसऱ्या लॅपटॉपला लावून फाइली वाचवण्याचा जुना मार्ग इथे नाही. महत्त्वाच्या कागदांची प्रत बाहेर ठेवा.

क्रोमबुकला, म्हणजे विंडोजऐवजी गूगलच्या क्रोमओएसवर चालणाऱ्या लॅपटॉपला, यातली बरीच दुखणी नाहीत. गूगलने सप्टेंबर २०२३ मध्ये १० वर्षं अपडेट देण्याचं जाहीर केलं, पण ती वर्षं मॉडेल ज्या घडणीवर बेतलंय ती बाजारात आली तेव्हापासून मोजतात, तुम्ही विकत घेतलं तेव्हापासून नाही. रिलायन्स जिओचा जिओबुकही वेगळ्या जातीचा. जुलै २०२३ मध्ये १६,४९९ रुपयांना जाहीर झालेला, ९९० ग्रॅम वजनाचा, आत ४जी असलेला. त्याचा प्रोसेसर मोबाइलच्या घराण्यातला मीडियाटेकचा, त्यामुळे विंडोजचे प्रोग्रॅम त्यावर बसत नाहीत.

विकत घेताना

नवाच हवा असेल तर एन १०० किंवा त्याच्या भावंडांपैकी प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि ईएमएमसीऐवजी एसएसडी असं मागा. २०२३ मध्ये आलेल्या एन १०० ला चार गाभे आहेत आणि एव्ही-१ व्हिडिओही तो हार्डवेअरवर सोडवतो. पैसे एकाच ठिकाणी जास्त घालता येत असतील तर ते रॅममध्ये घाला.

त्याच पैशांत ऑफिसातून निघालेला, दुरुस्त केलेला जुना लॅपटॉपही मिळतो, आणि आमचं मत त्याच्याच बाजूने आहे. वजन जास्त आणि बॅटरी थकलेली, पण रॅम आणि एसएसडी बदलता येतात, कीबोर्डही दणकट. मुंबईत लॅमिंग्टन रोडला असे ढीग असतात. तिथे 'आय-५ आहे' एवढ्यावर भुलू नका. आय-५ च्या पुढचा आकडा वाचा: ४३०० असेल तर चौथी पिढी, २०१३ ची, ८२५० असेल तर आठवी. विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून चालते, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे.

दुकानात उभ्या उभ्या टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्समध्ये प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅमचा फॉर्म फॅक्टर आणि डिस्क एसएसडी आहे की जुनी हार्ड डिस्क, तिन्ही दिसतात. मग एका ब्राउझरमध्ये यूट्यूब, मेल आणि कुठलंही वर्तमानपत्र असे तीन टॅब उघडून दोन मिनिटं थांबा आणि डिस्कच्या रकान्याकडे बघत राहा.